आरपीएमचं डेब करताना अडकलो तेव्हा

सिस्टिम अ‍ॅडमिनच्या पहिल्या नोकरीत, दुसऱ्याच महिन्यात, एक जुना प्रिंटर माझ्या गळ्यात पडला. ऑफिसातली सगळी मशीन उबंटू लिनक्सवर, जिथे डेब पॅकेजं चालतात, आणि ड्रायव्हर मात्र फक्त आरपीएममध्ये, म्हणजे रेड हॅटसारख्या लिनक्सच्या पॅकेजमध्ये. सीनियरने ‘एलियन’ सुचवलं. जोई हेस यांनी अनेक वर्षं सांभाळलेलं हे टूल आरपीएम, डेब, स्लॅकवेअरचं टीजीझेड अशी पॅकेजं एकातून दुसऱ्यात करून देतं.

एलियनने आधी नकारच दिला: पॅकेज आय३८६ या प्रोसेसर-प्रकारासाठीचं आहे, या मशीनवर बांधता येणार नाही. मी मॅन्युअल चाळून ‘टार्गेट’ पर्याय शोधला, आमच्या ६४ बिट मशीनचा प्रकार एएमडी६४ लिहिला, डेब तयार झालं. उबंटूवर पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीने ते निमूट बसवूनही घेतलं. पण प्रिंट दिली की ‘फिल्टर फेल्ड’. फिल्टर, म्हणजे मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलणारा ड्रायव्हरमधला प्रोग्रॅम, टर्मिनलवर थेट चालवला, तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर डोळ्यांसमोर होती! दीड दिवस मी परमिशन आणि पाथ तपासत होतो. प्रोग्रॅमला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी एलडीडी कमांड म्हणे, हा डायनॅमिक एक्झिक्युटेबलच नाही.

शेवटी फाइलचा प्रकार सांगणाऱ्या ‘फाइल’ कमांडने उलगडा केला. फिल्टर ३२ बिटचा होता. सापडत नव्हता तो फिल्टर नव्हे, त्याला मेमरीत चढवणारा ३२ बिटचा लोडर. मी बदललं होतं ते नुसतं लेबल. डीपीकेजीला आय३८६, म्हणजे ३२ बिटचं, आर्किटेक्चर जोडून दिलं, त्याची लिबसी६ ही मूळ सी लायब्ररी टाकली आणि पहिलं पान बाहेर आलं. तो आनंद अजून आठवतो.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझा आग्रह असतो, की आधी पॅकेज उघडून बघा. डेब हे एआर आर्काइव्ह, म्हणजे फाइलींचं गाठोडं असतं; आत आवृत्ती सांगणारी छोटी फाइल, कंट्रोलचा (पॅकेजच्या माहितीचा) टार आणि डेटाचा (प्रत्यक्ष फाइलींचा) टार; टार हेही गाठोडंच. आरपीएममध्ये हेडर आणि त्यामागे सहसा सीपीआयओ प्रकारचं आर्काइव्ह. एलियन फाइली एकातून काढून दुसऱ्यात भरतं, आतल्या तयार प्रोग्रॅमला (बायनरीला) हात लावत नाही. मूळच्या डिपेंडन्सी, म्हणजे लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादीही सोबत येत नाही, त्या तुम्हीच शोधायच्या. लिबसी किंवा (सिस्टिम सुरू करणाऱ्या) इनिटसारखी पायाभूत पॅकेजं तर अशी बदलून कधीच बसवू नका.

इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट एलियन आपणहून घेत नाही, ‘स्क्रिप्ट्स’ पर्याय द्यावा लागतो. देण्याआधी त्या वाचा. माझ्या ड्रायव्हरच्या स्क्रिप्टमध्ये सर्व्हिस सुरू-बंद ठरवणारी रेड हॅटकडची चेककॉन्फिग कमांड होती, ती आमच्या उबंटूवर नव्हतीच. मी स्क्रिप्ट वगळल्या आणि प्रिंटरचं वर्णन असलेली पीपीडी फाइल कप्स या प्रिंटिंग सिस्टिमला हाताने जोडली.