नोट्स पाठवण्याआधी एक मिनिटाची चाचणी

ऑनलाइन वर्गासाठी मराठी नोट्स अपलोड करताय? त्यातलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून बघा. मराठी अक्षरं जशीच्या तशी उमटली तर उत्तम. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. तुम्हाला पडद्यावर तो सुबक मराठी दिसतो, पण अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ती खिचडीच वाचून दाखवतो. आणि वाक्य निवडताच येत नसेल, तर ते पान म्हणजे निव्वळ फोटो. बहुतेक वेळा त्यातलं काहीच ऐकू येत नाही.

जुना फॉन्ट असेल तर मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, आणा. स्कॅन असेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा, फोटोतली अक्षरं मजकूर होऊन येतात. मात्र जोडाक्षरं आणि रफार अनेकदा चुकतात, त्यामुळे एकदा डोळ्यांखालून घालाच. परीक्षेच्या नोट्समध्ये 'धर्म'चा 'धम' झालेला चालणार नाही. पीडीएफसोबत वर्ड फाइलही द्या. मराठी पीडीएफमधून मजकूर कधीकधी तुटका येतो. मथळे नुसते ठळक करू नका, त्यांना हेडिंग स्टाइल लावा, म्हणजे ऐकणाऱ्याला एका धड्यावरून दुसऱ्यावर थेट जाता येतं.

जमल्यास एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर विंडोजवर टाका, डोळे मिटा आणि आपलंच एक पान ऐका.