ऊसतोडीला निघण्याआधी पाळीचं प्रशिक्षण कसं घ्यावं

आमच्या बीडकडे हे प्रशिक्षण दसऱ्याच्या आधीच उरका. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की मार्च-एप्रिलपर्यंत बायका भेटत नाहीत, आणि खरे हाल तर तिकडं फडातच होतात. कोपीजवळ, म्हणजे तिथल्या झोपडीजवळ, ना न्हाणी, ना आडोसा.

मी पाळीसाठी कापडी पॅड शिवायला शिकवते, पण आधी मशीन उघडत नाही. आधी विचारते, धुतलेलं कापड वाळवणार कुठं? लुगड्याआड वाळवलेलं जाड पॅड आतून दमट राहतं, मग खाज सुटते. म्हणून मी दोन भागांचंच पॅड शिकवते: खाली तळ, वर सुटी घडी.

कापड सुतीच हवं, टेरिकॉट ओल धरत नाही. नवं असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर शिवल्यावर आटतं.

तळ 11 इंच लांब, साडेतीन इंच रुंद, मधे दोन्हीकडं अडीच इंचांचे पंख. शिलाईला अर्धा इंच जास्त धरा. दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून शिवा, उलटवा, पंखांना टिचबटणं लावा. ती निकरच्या खालून लागतात. तळाच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी पट्टी शिवा.

घडी म्हणजे फ्लॅनेलचा दुहेरी चौकोन, शिवून 9 इंचांचा. तीन पदरी दुमडला की सहा थर होतात. टोकं पट्ट्यांखाली सरकवायची. धुऊन उलगडला की रुमालच दिसतो, दोरीवर कडक उन्हात टाकायला कुणी लाजत नाही. एकीला दोन तळ, सहा घड्या तरी द्या.

घडी चार ते सहा तासांनी बदलायची. धुताना आधी गार पाणी, मग साबण. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो.

शेवटचा तासभर शिवणाचा नाही, गर्भपिशवीचा ठेवा. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितली, तर लगेच हो म्हणू नका. आमच्या जिल्ह्यात अशी इतकी ऑपरेशनं झाली, की 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुष्कळदा हा त्रास औषधानं बरा होतो. आधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, दुसऱ्या डॉक्टरलाही विचारा. निघण्याआधी प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये गावच्या आशाताईचा नंबर घालून द्या. जिच्याकडं मोबाइल नाही, तिला चिठ्ठीवर लिहून.