या चुका टाळा: कादंबरीच्या पहिल्या पानावरची उसनी ओळ, आणि पुढची तीनशे पानं

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी गेली अठरा-वीस वर्षं नव्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं येतात. पूर्वी फुलस्केपची बाडं यायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारणा होते, “मॅडम, झालं का वाचून?” लिहायला दोन वर्षं लागली असतील, तर वाचायला चार दिवस तरी द्यावेत. पण घाई फक्त वाचून घेण्याची नसते, ती लिखाणातही उतरलेली असते. त्याच त्या चुका सांगून मी थकले आहे, म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

सगळ्यात जास्त वेळा भेटणारी चूक पहिल्या प्रकरणाच्याही आधी असते. कोऱ्या पानाच्या मध्यावर ‘रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग’ आणि खाली ‘संत तुकाराम’. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाची कादंबरी असो, पोलिसाची असो की घटस्फोटाची, ओळ हीच. आणि दर वेळी ती इथेच संपते. पुढचा चरण कुठे गेला? ‘अंतर्बाह्य जग आणि मन.’ लढाई बाहेर जगाशी आहे तशी आत मनाशीही आहे, हे त्या चरणात आहे. तो कापला की उरतो फक्त परिस्थितीशी भांडणारा माणूस, आणि तेवढ्यासाठी तुकोबांना बोलवायची गरज नाही.

निफाड तालुक्यातला एक मुलगा अशीच कादंबरी घेऊन आला होता. घरची द्राक्षबाग. बापावर सोसायटीचं कर्ज, त्यात व्यापारी माल उचलून पैसे न देता पळून गेलेला. लिखाण खणखणीत होतं, कारण त्याने ते सगळं पाहिलेलं होतं. पहिल्या पानावर मात्र हीच अर्धी ओळ. मी विचारलं, “पुढे काय आहे?” त्याला माहीत नव्हतं. ओळ त्याने कुणाच्या तरी स्टेटसवरून घेतली होती. मी त्याला म्हटलं, सार्वजनिक वाचनालयात जा, गाथा काढून घे आणि पूर्ण अभंग वाचून ये. १८४० सालापासून हे वाचनालय नाशकात आहे, आणि कादंबरी लिहायला बसलेल्या मुलांना तिथे जायला वेळ होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता. त्याने शेवटचं कडवं वाचलं होतं: ‘तुका म्हणे तुझ्या नामाचिया बळें । अवघीयांचें काळें केलें तोंड ॥’ म्हणजे हा अभंग लढाईच्या रडगाण्याचा नाही. लढाई जिंकल्याचा आहे, आणि ती नामाच्या बळावर जिंकल्याचा. त्याच्या कादंबरीत सातव्या प्रकरणात एक वाक्य सहज येऊन गेलं होतं: व्यापारी पळाला त्या महिन्यापासून बापाने संध्याकाळचा हरिपाठ सोडला. लिहिताना त्याला त्या वाक्याचं वजन कळलं नव्हतं. आता कळलं. ज्या बळावर तो अभंग उभा आहे, नेमकं तेच त्या घरातून गेलं होतं. त्याने मधली चार प्रकरणं पुन्हा लिहिली. पहिल्या पानावर दोन्ही चरण घेतले आणि शेवटचं कडवं मुद्दाम छापलं नाही. ज्याला अभंग पाठ आहे, त्याला ते न छापलेलं कडवं कादंबरीभर ऐकू येतं. आधीही ओळ कापलेलीच होती, पण त्या कापण्यामागे अज्ञान होतं. या कापण्याला अर्थ आहे.

म्हणून माझी सवय सांगते. कुठलीही ओळ घेण्याआधी मी मूळ रचना हाताने एका कार्डावर पूर्ण उतरवते, शेजारी कोणत्या प्रतीतून घेतली ते लिहिते. सुविचारांच्या अ‍ॅपवरून किंवा कॅलेंडरवरून ओळ उचलत नाही. कारण ओळी लोकांच्या तोंडी बदलतात. ‘बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाऊले’ सगळ्यांना येतं. गाथेत ‘वंदीन’ आहे. ‘वंदावी’ हा लोकांना केलेला उपदेश, ‘वंदीन’ हा तुकोबांनी स्वतःपुरता केलेला निश्चय. एका क्रियापदाने बोलणारा माणूस बदलतो.

स्वतः ओळ रचली तरी चालते. इंग्रजी लेखिका जॉर्ज एलियटने ‘मिडलमार्च’ या कादंबरीतल्या कितीतरी प्रकरणांच्या माथ्यावरच्या ओळी स्वतःच लिहिल्या आहेत. ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या सुरुवातीच्या कवितेखाली ज्या कवीचं नाव आहे, तो तर फिट्झजेराल्डच्याच आधीच्या कादंबरीतलं पात्र आहे. पण स्वतः रचून खाली संतांचं नाव घालणं ही फसवणूक आहे. तसं बाड मी पुढे वाचत नाही.

नाशिकच्या लेखकांसाठी एक वेगळी सूचना. कुसुमाग्रजांची ओळ घ्यायचा मोह इथे प्रत्येकाला होतो. ते १९९९ साली गेले आणि आपल्याकडे लेखनाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. छापण्याआधी परवानगीचं बघा.

आता शैली. त्याच निफाडच्या मुलाने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, “डाऊनी आली. बाप रात्री दोनला ब्लोअर घेऊन बागेत शिरला.” डाऊनी म्हणजे वेलींवरचा बुरशीचा रोग, ब्लोअर म्हणजे फवारणीचं यंत्र. कुणीतरी त्याला सांगितलं, भाषा साहित्यिक हवी. दुसऱ्या खर्ड्यात तेच वाक्य असं झालं: “निशेच्या गर्भात रोगाच्या कराल छायेने ग्रासलेल्या वेलींच्या रक्षणार्थ तो धीरोदात्त पुरुष सरसावला.” मला ते वाचताना खरंच त्रास झाला. पहिल्या दोन वाक्यांत घाई आहे, भीती आहे, बापाची सवय आहे. दुसऱ्यात बापच नाही. डाऊनी थांबत नसते, म्हणून ते वाक्य तुटक होतं. त्याची शैली तिथेच होती आणि ती त्याने खोडून टाकली.

याची दुसरी बाजू म्हणजे भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ची नक्कल. १९६३ सालच्या त्या कादंबरीतले ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ अजून बाडांमध्ये सापडतात. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याचा मोठ्या शब्दांवरचा विश्वास उडालेला आहे, म्हणून तो तसं बोलतो. तुमच्या नायकाचा उडालेला नसेल तर त्याच्या तोंडी ‘वगैरे’ कशाला?

बोलीबद्दल एवढंच: सटाणा-कळवणच्या पात्राला अहिराणी येत असते. सिनेमातली गावरान बोली त्याच्या तोंडी घालू नका. अहिराणी येत नसेल तर तिथल्या कुणाला तरी वाचून दाखवा.

आशयसूत्राची चूक सांगायला सोपी, सुटायला अवघड आहे. लेखकाला ‘संघर्ष’ दाखवायचा असतो आणि पात्रं ‘संघर्ष’ हा शब्दच बोलत सुटतात. शेवटच्या प्रकरणात एक म्हातारा शिक्षक येऊन सगळ्याचा अर्थ सांगून जातो. मी लेखकाला फाईलमध्ये तो शब्द शोधायला लावते आणि जिथे सापडेल ते वाक्य काढायला सांगते. बहुतेक वेळा कादंबरीचं काहीच बिघडत नाही. द्राक्षवाल्यांना हे समजावणं सोपं जातं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो घड बाहेर येतो, तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात ठरलेला असतो. शेवटच्या प्रकरणात वरून अर्थ बांधता येत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात कुणाच्या तरी वागण्यात जाऊन बसलेला असावा लागतो, बापाने हरिपाठ सोडला तसा.

प्रतीकांचंही तेच. गोदावरीला ‘काळाची मूक साक्षीदार’ म्हणू नका. पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं एवढं लिहा, नाशिकच्या वाचकाच्या पोटात गोळा येईल, कारण घाटावरच्या या मूर्तीवरूनच इथे पूर मोजतात. बाहेरच्या वाचकासाठी घाटावरची दुकानं रिकामी होताना दाखवा.

दोन-दोन, तीन-तीन अवतरणं एका पानावर नकोत. प्रत्येक प्रकरणाला एकेक तर नकोच, जॉर्ज एलियटइतका धीर असल्याशिवाय.

आणि ओळ शेवटी निवडा. पहिल्या दिवशी ओळ ठरवून तिच्यामागे कादंबरी ओढत नेणारे खूप पाहिले. माझ्याकडे बाड आणताना ते पान कोरं असलं तरी चालेल, पण मध्ये ‘निशेच्या गर्भात’ नको.