रॉडच्या बोल्टला फवारणी पंपाची नळी
इंजिनचा खालचा भाग घरीच बांधताना पिस्टन वरून आत सोडला की कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचे) उघडे बोल्ट क्रँकच्या जर्नलला (रॉड जिथे बसतो त्या गुळगुळीत गोल भागाला) घासतात, आणि नखाला लागेल असा एक ओरखडाही क्रँक ग्राइंडिंगसाठी अमरावती-नागपूरकडे नेण्याची वेळ आणतो.

१. पऱ्हाटीवरच्या फवारणी पंपाची निकामी नळी औषधाचा वास जाईपर्यंत साबणाच्या पाण्याने धुवावी, वाळवावी आणि तिचे ५ ते ६ सेंटिमीटरचे तुकडे कापावेत.

२. तुकडे बोल्टवर घट्ट चढवावेत, जर्नल अगदी खाली येईल असा क्रँक फिरवावा, आणि पिस्टनच्या रिंगा आवळून धरून पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकत, दुसऱ्या हाताने खालून नळ्या धरून रॉड जर्नलवर आणावा. मध्येच अडल्यास जोर करू नये; बहुधा एखादी रिंग बाहेर निसटलेली असते.

३. नळ्या काढून, तेल लावून कॅप (रॉडच्या खालच्या टोकाचा सुटा अर्धा भाग) बसवावी.

ज्या इंजिनात बोल्ट कॅपसोबतच निघतात, तेथे हा खटाटोप नको. मात्र कोणत्याही इंजिनात एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला किंवा उलटी लावू नये. त्यासाठी खोलतानाच रॉड आणि त्याची कॅप दोन्हींवर एकाच बाजूला क्रमांक घालून ठेवावा.