फिटची गोळी आणि तिरळा डोळा: या विषयावर थीसिस घ्यायचा विचार असेल तर

एमएसला (डोळ्यांच्या पीजीला) किंवा बी.ऑप्टमला (ऑप्टोमेट्रीच्या पदवीला) नवीन लागलेली मुलं हल्ली विचारतात की मॅडम, व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीने म्हणे मोठ्या माणसाचा आळशी डोळा पण सुधारतो, त्यावर थीसिस घेऊ का. विषय मलाही मनापासून आवडतो आणि माझं पीजी धरून बरीच वर्षं मिरज-सांगलीच्या स्क्विंट (तिरळेपणाच्या) ओपीडीत गेलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की तिरळेपणा वेगळा आणि आळशी डोळा वेगळा. तिरळेपणात दोन डोळ्यांची दिशा जुळत नाही, त्यावर चष्मा, प्रिझम (प्रकाश वळवणारी काच), ऑपरेशन किंवा बोटॉक्स (हे इंजेक्शन मुळात तिरळ्या डोळ्यासाठीच अॅलन स्कॉट यांनी आणलं, अमेरिकेत 1989 ला मंजुरी मिळाली). आळशी डोळा म्हणजे लहानपणी मेंदूने त्या डोळ्याचं चित्र घेणं कमी केलं, त्यामुळे नजर कमी राहिली, आणि याचं एक मोठं कारण तिरळेपणा. व्हॅल्प्रोएटचा जो काही अभ्यास आहे तो या दुसऱ्या गोष्टीवर आहे. ती गोळी डोळा सरळ करत नाही, मेंदूवर काम करते. सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या आराखड्यात) नुसतं 'तिरळेपणावर व्हॅल्प्रोएटचा परिणाम' असं लिहून नेलंत तर गाईड पहिल्याच पानावर थांबवणार, आणि बरोबरच आहे ते.

आता गोळीची गोष्ट. व्हॅल्प्रोइक अॅसिड (व्हॅल्प्रोएट म्हणजे याचंच क्षाररूप) 1882 मध्ये तयार झालं आणि कितीतरी वर्षं नुसतं सॉल्व्हंट (दुसरी रसायनं विरघळवायचं द्रव) म्हणून वापरात होतं. 1962 मध्ये फ्रान्समध्ये पिअर आयमार दुसरीच औषधं त्यात विरघळवून तपासत होते, तर जे औषध घालतील ते फिट थांबवतंय असं दिसायला लागलं, मग लक्षात आलं की काम हे सॉल्व्हंटच करतंय. 2001 मध्ये कळलं की ते हिस्टोन डीअॅसिटिलेज नावाच्या, जीन चालू-बंद करण्यात भाग घेणाऱ्या एन्झाइमला अडवतं. ह्युबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांवर दाखवलं होतं की नजर घडायचा एक ठराविक काळ असतो (नोबेल 1981), तो काळ संपल्यावर मेंदूत जे ब्रेक लागतात त्यातला एक या एन्झाइमशी जोडलेला आहे असं मानतात. 2010 मध्ये पूर्ण वाढ झालेल्या उंदरांवर व्हॅल्प्रोइक अॅसिड देऊन आळशी डोळ्याची नजर परत आल्याचं छापून आलं. 2013 मध्ये तर मोठ्या पुरुषांना व्हॅल्प्रोएट देऊन नुसता स्वर ऐकून ओळखायचं शिकवून बघितलं आणि गोळी घेतलेल्यांना ते जास्त जमलं, आमच्या मिरजेत घराघरात तंबोरे बनतात त्यामुळे हा पेपर मी इथे सगळ्यांना सांगत सुटते. पण तो अभ्यास छोटा होता, आणि उंदराच्या निकालावरून पेशंटला गोळी लिहायची नसते हे मी प्रत्येक बॅचला सांगते आणि सांगत राहणार.

कारण गोळी साधी नाही. लिव्हर, स्वादुपिंड, प्लेटलेट सगळं बघावं लागतं, दोन वर्षांखालच्या मुलांना लिव्हरचा धोका जास्त, आणि गरोदर बाईने घेतली तर बाळाच्या मणक्यात-मेंदूत दोष राहू शकतो. पीजीच्या तीन वर्षांत एकट्याने ड्रग ट्रायल करायचा हट्ट नको. एथिक्स कमिटी, पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायल नोंदवायची सरकारी वेबसाइट) नोंदणी, लिव्हरच्या तपासण्यांचा खर्च, शिवाय न्यूरोवाले आणि फार्माकोलॉजीवाले सोबत पाहिजेत.

त्यापेक्षा उलट्या बाजूने या. फिटच्या गोळ्यांनीच डोळ्याला त्रास होतो, कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनचा डोस जास्त झाला की एकाचे दोन दिसतात, डोळे थरथरतात. जत-आटपाडीकडून पेशंट येतो, 'मॅडम, डबल दिसतंय, नंबर काढून द्या', आणि पिशवीत फिटच्या गोळ्या असतात. विचारल्याशिवाय कोण सांगत नाही, लग्नाच्या मुलीचं असेल तर आई मुद्दाम लपवते, म्हणून बाकीच्यांना बाहेर बसवून विचारा. आणि गंमत म्हणजे डोळ्याचा एक स्नायू फडफडून चित्र हलतं त्या आजारात हेच कार्बामाझेपिन देतात, थरथरणाऱ्या डोळ्यांसाठी गॅबापेंटिन देतात. तर फिटच्या ओपीडीतले पेशंट घेऊन, कोणती गोळी, किती डोस, कव्हर टेस्टला (एक डोळा झाकून दुसऱ्याची हालचाल बघायची तपासणी) काय, लांबचं-जवळचं प्रिझमने मोजमाप किती, एवढं नीट नोंदवलं तरी चांगला थीसिस होतो आणि तो आपल्या भागात उपयोगी पडतो. एमबीबीएसवाल्यांनी आयसीएमआरच्या एसटीएसमध्ये (विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन योजना) दोन महिन्यांत बसेल असा याचाच छोटा तुकडा घ्यावा.

मोजणं मात्र आधी शिका. प्रिझम बार (वाढत्या ताकदीच्या प्रिझमची पट्टी) घेऊन बसा, एकाच पेशंटचं मोजमाप तुम्ही आणि सिनियरने एकमेकांचा आकडा न बघता करा, जुळेपर्यंत करा. मूल रडतंय, जवळच्या खेळण्याकडे बघत नाही, आजी मागून म्हणतीय 'तिरळं पोरगं नशीबवान असतंय, कशाला औषध', हे सगळं रोजचं आहे. आजीशी नीट बोला, आळशी डोळा वापरात यावा म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची का नाही ते बऱ्याचदा घरात तीच ठरवते. मध्यम आळशी डोळ्याला रोज दोन तास पट्टी सहा तासांइतकीच चालते हे 2003 च्या अमेरिकन ट्रायलमध्ये दिसलंय, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांतही चष्मा, पट्टी आणि अॅट्रोपिनच्या थेंबांनी निम्म्याहून जास्त मुलांची नजर वाढली हे 2005 च्या. म्हणजे नवीन गोळीची वाट बघत कुणाची पट्टी थांबवायची नाही.