तंत्रज्ञान आणि खासगी माहितीचा दायित्व विमा: दावा अडकवणाऱ्या या चुका टाळा

ग्राहकांची खासगी माहिती सांभाळणाऱ्या किंवा दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर चालवणाऱ्या व्यवसायाचा दायित्व विम्याचा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीची भरपाई द्यावी लागल्यास उपयोगी पडणाऱ्या विम्याचा, दावा फेटाळला गेला, की दोष बारीक अक्षरातल्या अटींना दिला जातो. अटी बारीक असतात हे खरेच. परंतु फेटाळलेल्या दाव्याच्या कागदपत्रांत मागे मागे जात राहिले, तर अडचणीचे मूळ अनेकदा विमेदाराने, म्हणजे विमा घेणाऱ्याने, स्वतः भरलेल्या, स्वतः सही केलेल्या किंवा पाठवायच्या राहून गेलेल्या एखाद्या कागदात सापडते.

सर्वसाधारण दायित्व पॉलिसीवर विसंबून राहणे

कार्यालयात कोणी घसरून पडले किंवा मालामुळे कोणाला इजा झाली, तर सर्वसाधारण पॉलिसी उपयोगी पडते. तिचा आधार शारीरिक इजा आणि मूर्त मालमत्तेचे नुकसान हा असतो, आणि संगणकातील माहितीला मूर्त मालमत्ता मानायला अशा पॉलिसी सहसा तयार नसतात. २०११ साली सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर हल्ला होऊन सुमारे ७.७ कोटी खाती बाधित झाली, तेव्हा कंपनीने आपल्या सर्वसाधारण पॉलिसीतील खासगीपणाचा भंग करणाऱ्या प्रकाशनाच्या कलमाचा आधार घेतला. २०१४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने हे कलम विमेदाराने स्वतः केलेल्या प्रकाशनाला लागू होते, हॅकरांनी केलेल्या प्रकाशनाला नव्हे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रमाणित पॉलिसींना माहितीची गळती स्पष्टपणे वगळणारी जोडपत्रे (मूळ अटी बदलणारे जोड कागद) लागू झाली, त्यामुळे तिथे ही पळवाट जवळपास बंदच झाली.

सायबर पॉलिसी आणि व्यावसायिक दायित्व एकच समजणे

समजा, तुमच्या कंपनीने पाठवलेल्या अपडेटमुळे एका ग्राहकाची बिलिंग यंत्रणा दोन दिवस बंद पडली. कोणी घुसखोरी केली नाही, एकही नोंद बाहेर गेली नाही, तरीही ग्राहक बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई मागतो. हा दावा सेवेतील चुकीचा, म्हणजे ज्याला एरर्स अँड ओमिशन्स किंवा प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात त्या विम्याचा आहे. केवळ माहितीच्या सुरक्षेपुरती मर्यादित असलेली सायबर पॉलिसी इथे हात वर करते. याउलट माहिती फुटल्यावर बाधित लोकांना कळवणे, तपासतज्ज्ञ नेमणे, स्वतःची यंत्रणा पुन्हा उभी करणे हे स्वतःचे खर्च निव्वळ व्यावसायिक दायित्वाच्या पॉलिसीत सहसा मिळत नाहीत. दोन्ही संरक्षणे एका पॉलिसीत घेता येतात. मात्र तेव्हा दोहोंची मर्यादा एकच आहे की वेगवेगळी, आणि बचावासाठी लागणारा वकिलांचा खर्च त्याच रकमेतून वजा होतो का, हे आधी विचारून घ्यावे. कारण तसे असेल, तर खटला जितका लांबेल तितकी भरपाईसाठी उरलेली रक्कम आटत जाते.

प्रस्ताव अर्ज घाईने भरणे

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक आहे. नूतनीकरणाच्या आदल्या दिवशी ब्रोकरकडून, म्हणजे विमा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाकडून, अर्ज येतो, लेखा विभागातील कोणीतरी मागील वर्षीचा अर्ज समोर ठेवून ‘हो’च्या चौकोनात खुणा करतो आणि संचालक सही करून मोकळे होतात. त्यातला एक प्रश्न असा असतो: सर्व दूरस्थ लॉगिन आणि सर्व प्रशासकीय खात्यांसाठी बहुस्तरीय प्रमाणीकरण (पासवर्डखेरीज ओळखीचा आणखी एक पुरावा) वापरता का? इथे ‘सर्व’ हा शब्द शोभेसाठी घातलेला नाही. २०२२ साली ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने इंटरनॅशनल कंट्रोल सर्व्हिसेस या आपल्याच विमेदार कंपनीला अमेरिकेच्या न्यायालयात खेचले. रॅन्समवेअर (यंत्रणा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या) हल्ल्यानंतरच्या तपासात हे प्रमाणीकरण केवळ फायरवॉलसाठी होते आणि सर्व्हरसाठी नव्हते, अर्जातले उत्तर मात्र वेगळे होते, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. काही आठवड्यांतच दोन्ही पक्षांच्या संमतीने ती पॉलिसी मुळापासून रद्द ठरली. म्हणजे फक्त तो दावा बुडाला असे नव्हे, पॉलिसी जणू कधी नव्हतीच.

म्हणून अर्ज यंत्रणा प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या माणसासोबत बसून, एकेक सर्व्हर आणि एकेक प्रशासकीय खाते तपासून भरावा. उत्तर ‘हो, पण’ असे असेल, तर तो ‘पण’ वेगळ्या कागदावर लिहून जोडावा. हप्ता थोडा वाढेल, पण नंतर वाद घालायला जागा उरणार नाही. खोटे उत्तर आधीच गेले असल्याचे लक्षात आले, तर घटना घडण्याची वाट न पाहता ब्रोकरमार्फत लेखी दुरुस्ती पाठवावी.

तारखांकडे दुर्लक्ष

या प्रकारच्या पॉलिसी बहुतांशी क्लेम्स-मेड पद्धतीच्या असतात. चूक कधी घडली यापेक्षा दावा कधी आला आणि तो कधी कळवला, हे त्यांत आधी पाहिले जाते. शिवाय पॉलिसीत एक पूर्वलक्षी तारीख लिहिलेली असते, आणि तिच्या आधी केलेल्या कामाला संरक्षण नसते. एखाद्या कंपनीने २०२१ साली लिहिलेल्या प्रणालीतील त्रुटीवरून तिच्यावर २०२५ साली दावा आला, आणि मधल्या काळात स्वस्त हप्त्यासाठी विमा कंपनी बदलताना नव्या पॉलिसीत पूर्वलक्षी तारीख २०२४ ची पडली असेल, तर जुनी पॉलिसी संपलेली आणि नवी लागू न होणारी, अशा पेचात ती कंपनी सापडते. पॉलिसी बदलताना जुनी पूर्वलक्षी तारीख तशीच पुढे चालू ठेवण्याचा आग्रह धरावा, आणि व्यवसाय बंद करताना किंवा विकताना वाढीव सूचना कालावधी, म्हणजे पॉलिसी संपल्यावरही दावे कळवता येण्याची मुदत, विकत घ्यावा.

प्रत्यक्ष दावा येण्याआधी नुसती चाहूल लागली, उदाहरणार्थ ग्राहकाचे नाराजीचे पत्र आले, तरी पॉलिसीत अशा संभाव्य दाव्याच्या परिस्थितीची सूचना देण्याची तरतूद असल्यास ती चालू पॉलिसीतच द्यावी. ‘बघू, मिटेल’ म्हणून ते पत्र फाइलमध्ये ठेवले आणि मध्ये नूतनीकरण झाले, तर नव्या पॉलिसीखाली विमा कंपनी ही बाब तुम्हाला आधीपासून माहीत होती, असे म्हणू शकते.

करारात वाटेल ती हमी देणे

मोठा ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून अमर्याद भरपाईच्या कलमावर सही केली जाते. कायद्याने मुळात आलेली नसलेली, केवळ करारामुळे अंगावर घेतलेली जबाबदारी मात्र अनेक पॉलिसींत वगळलेली असते. पी. एफ. चँग्ज या उपाहारगृह कंपनीकडील ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेल्याचे २०१४ साली उघड झाले. सायबर पॉलिसीतून तिला सुमारे १७ लाख डॉलर मिळाले, पण कार्ड व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीने करारानुसार वसूल केलेले सुमारे १९ लाख डॉलर देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे न्यायालयाने २०१६ साली ठरवले. कराराचा मसुदा सहीपूर्वी ब्रोकरला दाखवायला एक ईमेल पुरतो.

युद्धविषयक अपवादही, म्हणजे युद्धामुळे झालेले नुकसान वगळणारे कलमही, एकदा वाचून घ्यावा. २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्यानंतर मर्क या औषध कंपनीच्या मालमत्ता विम्यात याच मुद्द्यावर बरीच वर्षे वाद चालला, आणि लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारपेठेने २०२३ पासून स्वतंत्र सायबर पॉलिसींत सरकारपुरस्कृत हल्ल्यांबाबत अपवाद घालणे आवश्यक केले.

घटना घडल्यानंतरच्या चुका, आणि बिघडलेले सावरणे

रात्री दोन वाजता सर्व्हर कुलूपबंद झाल्याचे दिसते. तंत्रज्ञ सगळे पुसून बॅकअप चढवतो आणि त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. व्यवस्थापक ओळखीतल्या सुरक्षा कंपनीला बोलावतो. सकाळी ग्राहकांना ‘आमच्या निष्काळजीपणामुळे’ अशी सुरुवात असलेले पत्र जाते. लॉग (यंत्रणेतील घडामोडींच्या नोंदी) जपणे, तज्ज्ञ नेमण्यापूर्वी विमा कंपनीची संमती घेणे आणि तिला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल न करणे या तिन्ही अटी पॉलिसीत बहुधा असतात. म्हणून पॉलिसीची छापील प्रत आणि विमा कंपनीचा आपत्कालीन क्रमांक कुलूपबंद होऊ शकणाऱ्या सर्व्हरबाहेर ठेवावा. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार नियामकाला ७२ तासांत कळवावे लागते; पण नियामकाला कळवले म्हणजे विमा कंपनीला कळवले असे होत नाही.

संमतीविना तज्ज्ञ नेमून झाला असेल, तर त्याच दिवशी त्याचे दरपत्रक आणि तातडीचे कारण लेखी पाठवून पुढील कामासाठी मंजुरी मागावी. हक्क राखून ठेवत असल्याचे विमा कंपनीचे पत्र आले, तर तो नकार नसतो; मागितलेली कागदपत्रे मुदतीत द्यावीत आणि प्रत्येक फोनवरील बोलणे त्याच दिवशी ईमेलने पक्के करावे. नकारच आला, तर नेमके कोणते कलम लावले ते लेखी मागून घ्यावे आणि उत्तर देण्यापूर्वी पॉलिसी, तिची जोडपत्रे व मूळ प्रस्ताव अर्ज विम्याच्या वकिलासमोर ठेवावा. अर्जाची प्रत अनेकांकडे नसतेच. ती ब्रोकरकडून आजच मागवून घ्यावी.