नको ते फोन अडवताना हवे ते हुकतात, ते का?

कर्ज आणि फ्लॅट विकणाऱ्यांच्या फोनना वैतागून बरेच जण मोबाइलमधलं ‘डू नॉट डिस्टर्ब’ कायमचं लावून टाकतात. इथेच गफलत होते. हे बटण कॉल अडवत नाही, फक्त आवाज दाबतं. शिवाय कॉल जाहिरातीचा की शाळेचा, हे त्याला कळत नाही. जाहिराती अडवायच्या त्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर. इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, एक जागा सोडून शून्य, एवढाच मेसेज १९०९ ला पाठवा. बँकेचे ओटीपी यानं थांबत नाहीत. तरीही साध्या दहा आकडी नंबरावरून कोणी काही विकत असेल, तर नुसतं ब्लॉक करून उपयोग नाही, कारण उद्या तो दुसऱ्या नंबरावरून येईल. सात दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करा. नंबर, तारीख आणि काय विकत होता ते लिहा.

‘डू नॉट डिस्टर्ब’ रात्रीपुरतं ठीक. पण लावताना घरच्यांचे नंबर ‘स्टार’ करून स्टारवाल्यांना परवानगी द्या आणि ‘रिपीट कॉलर’ चालू ठेवा. मग अँड्रॉइडवर त्याच माणसाचा पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला फोन वाजतो. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची. घरच्यांना सांगून ठेवा, तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा. अनोळखी नंबर सरसकट गप्प करण्याची सोय मात्र कुरिअर किंवा हॉस्पिटलच्या फोनची वाट पाहत असताना बंदच ठेवावी.

अलर्टचंही तसंच. ऑफरच्या भडिमाराला कंटाळून लोक बँकेच्या ॲपचं नोटिफिकेशनच बंद करतात आणि मग पैसे कापल्याचं कळत नाही. अँड्रॉइडवर ते नोटिफिकेशन बोटानं दाबून धरा; ॲपनं वेगवेगळे प्रकार ठेवले असतील तर ते दिसतात. त्यातला फक्त ऑफरचा बंद करा. ॲपनं सगळं एकाच प्रकारात कोंबलं असेल तर नाइलाज. दोष ॲपचा.

अलर्ट येतात, पण ॲप उघडल्यावरच? मग बहुधा बॅटरी वाचवण्याची सेटिंग आडवी येते. सेटिंग, ॲप्स, ते ॲप, बॅटरी या वाटेनं जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. शाओमी-रेडमीवर ‘ऑटोस्टार्ट’ही द्यावं लागतं. ‘फोर्स स्टॉप’ केलेलं ॲप पुन्हा उघडेपर्यंत मुकंच राहतं. फोन हलका करायच्या नादात ते बटण दाबू नका.

मोठा भोंगा वाजवून पडद्यावर येणारा सरकारी आपत्ती इशारा (२०२३ मध्ये देशभर चाचण्या झाल्या तेव्हा पुष्कळ जण दचकले होते) घाबरून बंद करू नका. तो त्या भागातल्या टॉवरवरून सगळ्यांना एकदम जातो, त्यासाठी तुमचा नंबर लागत नाही. ‘इशारा चालू करण्यासाठी ओटीपी सांगा’ म्हणणारा भामटाच समजा.

फोन अजिबात येत नसतील तर *#२१# लावा. तिथं अनोळखी नंबर दिसला, तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले आहेत आणि कॉलवर येणारे ओटीपीही तिकडे जातील. ##००२# लावलं की सगळं वळवणं रद्द होतं. फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे वळतात ते *#६२# दाखवतं. तिथं मात्र नंबर दिसला म्हणून लगेच घाबरू नका. फोन बंद असताना मिस्ड कॉल कळवणारी कंपनीची सेवा बऱ्याचदा तिथंच दिसते. ##००२# नं तीही जाऊ शकते, कस्टमर केअरकडून परत चालू करून घ्या.